सैतानाची साक्ष

ख्रिस्ती धर्मातील भूत काढण्याच्या विधीविषयी आपल्याकडील वाचकाला जे ठाऊक आहे, ते बहुतेक सिनेमातून आले आहे. विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ साली आली, १९७३ साली विल्यम फ्रीडकिन यांनी तिच्यावर चित्रपट काढला, आणि तेव्हापासून गरगर फिरणारी मान, हिरवी ओकारी आणि हादरणारा पलंग म्हणजेच हा विधी अशी समजूत झाली. मग चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते. सैतान आहे की नाही? श्रद्धाळू म्हणतो आहे, बुद्धिवादी म्हणतो नाही, आणि दोघेही समाधानाने घरी जातात. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटत नाही. त्या खाटेवर जी व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याचे या विधीत काय होते, हा माझा प्रश्न आहे. आणि तो साहित्याच्या वाचकाने विचारावा असाच आहे, कारण हा विधी शेवटी एक संहिता आहे. कोणी बोलायचे, कोणाला उद्देशून बोलायचे, कोणाचे उत्तर धरायचे, हे सारे तिच्यात लिहून ठेवलेले आहे.

रोमन कॅथलिक चर्चची ही संहिता १६१४ साली ‘रितुआले रोमानुम’ या ग्रंथात छापली गेली आणि किरकोळ फेरफार सोडले तर जवळजवळ चार शतके चालली. तिच्यात सिनेमातला थयथयाट नाही. संतांची नामावली, स्तोत्रे, शुभवर्तमानातील उतारे, प्रार्थना, मग सैतानाला निघून जाण्याची आज्ञा, पुन्हा प्रार्थना. पवित्र पाणी, क्रूस, गळपट्ट्याचे टोक पीडिताच्या मानेवर, हात मस्तकावर. एका बैठकीत काम झाले नाही तर पुन्हा पुन्हा करायचे. वाटेल त्या पाद्रीने हे करायचे नाही. बिशपची स्पष्ट परवानगी लागते, आणि १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७२ व्या नियमाने ती अट कायम ठेवली आहे. एके काळी भूत काढणारा ही पाद्रीपदाच्या वाटेवरची एक रीतसर पायरीच होती. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली ती पायरी रद्द केली.

या ग्रंथातील सूचना वाचताना माणूस थबकतो, कारण त्यात शहाणपण आहे. पहिलीच सूचना अशी की कोणाला भूतबाधा झाली आहे यावर सहज विश्वास ठेवू नये, आजारापासून ती वेगळी ओळखावी. लक्षणे सांगितली आहेत ती अशी : कधी न शिकलेली भाषा बोलणे वा समजणे, दूरच्या किंवा गुप्त गोष्टी सांगणे, वयाला न शोभणारी ताकद. विधी करणाऱ्याने स्वतः औषध देऊ नये, ते वैद्यावर सोडावे. सैतानाशी वायफळ बोलू नये. नाव काय, किती जण आहात, केव्हा आणि का शिरलात, एवढेच विचारावे. पण त्याच पानांत आणखी एक सूचना आहे. सैतान फसवा असतो, आणि हा तर नैसर्गिक आजार आहे असेही तो भासवू पाहतो. येथे दार आतून बंद होते. पीडित ओरडला तर सैतान, शांत झोपला तर सैतानाची खेळी, आणि मला फक्त आजार झाला आहे म्हणाला तर तीही सैतानाचीच शिकवण असू शकते. पीडिताला मोकळा क्षण मिळाला तर त्याने प्रार्थना करावी, पापाची कबुली द्यावी, असे ग्रंथ सांगतो, नाही असे नाही. परंतु विधीचा संवाद त्याच्याशी नाही. तो दोघांचा आहे, पाद्रीचा आणि सैतानाचा. ज्याच्या देहात हे चालले आहे तो केवळ जागा आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत ‘झाडाने धरले’ म्हणतात. भगत किंवा मांत्रिकही नाव विचारतो. कुठले झाड, कुठे धरलेस, काय पाहिजे? या शेवटच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे. झाड काहीतरी मागते. लुगडे मागते, कोंबडे मागते, माहेरी पाठवा म्हणते. एरवी जिला तोंड उघडायची सोय नाही अशी सून झाडाच्या तोंडाने मागून घेते. यात गौरव करण्यासारखे काही नाही. त्याच बाईला मिरच्यांची धुरी देतात, केस उपटतात, साखळीने बांधतात, हे आपण पाहत आलो आहोत. पण मागण्याला निदान एक फट तरी आहे. रोमन विधीतल्या सैतानाला मागायची सोय नाही. त्याला फक्त हुकूम आहे : नीघ.

ज्याचे बोलणे त्याचे नाही असे एकदा ठरवले की पुढे काय होते, याचा जुना दाखला फ्रान्समधील लुदां गावचा आहे. १६३२ साली तेथील उर्सुलाइन मठातील जोगिणींना बाधा झाली असे जाहीर झाले आणि त्यांच्या तोंडून उर्बँ ग्रांदिए या स्थानिक पाद्रीचे नाव आले. विधी उघड्यावर, लोकांच्या गर्दीसमोर चालत. योग्य रीतीने बांधलेला सैतान खोटे बोलू शकत नाही, असा युक्तिवाद करून सैतानाची साक्ष ग्राह्य धरली गेली. मग १६३४ मध्ये काही जोगिणी भानावर आल्यासारख्या बोलू लागल्या : आम्ही सांगितले ते खोटे होते. मठाची प्रमुख झान देज आंज गळ्यात दोर बांधून उभी राहिली. तिला उत्तर मिळाले की हे तू बोलत नाहीस, ग्रांदिएला वाचवण्यासाठी सैतान बोलतो आहे. दोषारोप करणारा सैतान खरा आणि माघार घेणारी बाई खोटी! १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला जिवंत जाळले. त्यामागे राजकारण होतेच, रिशल्यूचा रोष होता. पण राजकारणाला हत्यार लागते, आणि ते या विधीने घडवून दिले.

हे सतराव्या शतकातले म्हणून सोडून देता येत नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात, माइन नदीकाठच्या क्लिंगेनबर्ग गावात आनेलिझे मिशेल ही मुलगी १ जुलै १९७६ रोजी मेली. वय तेवीस. वजन जेमतेम ३१ किलो. घर कडवे कॅथलिक. १९६८ पासून तिला झटके येत होते, अपस्माराचे निदान झाले होते, औषधे चालू होती. वुर्ट्सबर्गच्या विद्यापीठात ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. तिला भयंकर चेहरे दिसत, आवाज ऐकू येत. सप्टेंबर १९७५ मध्ये वुर्ट्सबर्गचे बिशप योझेफ श्टांगल यांनी १६१४ च्या संहितेनुसार विधी करण्याची परवानगी दिली आणि तो गुप्त ठेवण्यास सांगितले. आर्नोल्ड रेन्झ आणि अर्न्स्ट आल्ट हे दोन पाद्री. दहा महिन्यांत ६७ बैठका, आठवड्याला एक वा दोन, काही चार चार तास चाललेल्या. डॉक्टरांकडे नेणे थांबले. ती जेवेनाशी झाली. गुडघे टेकून टेकून तिचे गुडघे निकामी झाले. तरुण पिढीच्या आणि वाट चुकलेल्या पाद्रींच्या पापांचे प्रायश्चित्त आपण भोगत आहोत, अशी तिची समजूत झाली होती, आणि ती समजूत मोडायला भोवती कोणी नव्हते.

या बैठकांच्या चाळीसवर ध्वनिफिती झाल्या. त्यांत सैतानांनी आपली नावे सांगितली : लूसिफर, काइन, यहूदा, नीरो, हिटलर, आणि फ्लाइशमान नावाचा एक बदनाम पाद्री. ही यादी मला फार बोलकी वाटते. बव्हेरियातल्या कॅथलिक मुलीला प्रवचनातून आणि शाळेच्या पुस्तकातून जेवढे खलनायक भेटले असतील तेवढेच तिच्यात शिरले. बाहेरचा एकही नाही. नाव काय, असे विचारले की नाव मिळते, कारण विचारणाऱ्याने उत्तराची जागा आधीच आखलेली असते. आणि जेवण नको म्हणणारे तोंड कोणाचे, याचे उत्तरही असेच आखलेले होते. सैतान तिला खाऊ देत नाही, म्हणून सैतान निघेपर्यंत प्रार्थना. उपाशी माणसाला डॉक्टर हवा, हा साधा विचार त्या खोलीत शिरूच शकला नाही.

१९७८ साली आशाफेनबुर्ग येथे खटला चालला. मरणाच्या आठवडाभर आधी जरी उपचार झाले असते तरी ती वाचली असती, असे त्यात मांडले गेले. आईवडील आणि दोन्ही पाद्री निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरले. सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. परवानगी देणाऱ्या बिशपवर खटला झाला नाही. मानववंशशास्त्रज्ञ फेलिसितास गुडमन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात औषधांनाच दोष दिला आणि विधीची बाजू घेतली. जगभरच्या संचारविधींचा त्यांचा अभ्यास मोठा आहे, पण उपासमारीने गेलेल्या देहासमोर हा युक्तिवाद मला टिकताना दिसत नाही.

येथे आपल्या कायद्याची आठवण होते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे हे गुन्हे मानतो, आणि तो धर्म पाहत नाही. वैद्यकीय उपचारापासून रोखण्याचे कलम मात्र कुत्रा, साप, विंचू यांच्या दंशापुरते आहे. क्लिंगेनबर्गमध्ये चाबूक नव्हता. मारणाऱ्याचा हात पंचनाम्यात येतो. न जेवणाऱ्या मुलीच्या उशाशी बसून स्तोत्रे म्हणणाऱ्याचा हात येणे अवघड आहे.

सिनेमाने या मुलीचे काय केले? ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ (२००५) ही कथा अमेरिकेत नेतो आणि ती पाद्रीची व त्याच्या वकीलबाईची करतो. मुलगी मेलेली आहे, ती पुरावा म्हणून अधूनमधून किंचाळते. फ्रीडकिनच्या चित्रपटात तर अखेरीस मुलीला काहीच आठवत नाही, आणि हा सुखान्त मानला आहे! ज्या बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर सारा खेळ झाला, तिचे त्यावर एक वाक्य नाही. याउलट हान्स-क्रिस्टियान श्मिड यांचा ‘रेक्विएम’ (२००६) पाहावा. त्यात चमत्कार नाहीत, भेसूर आवाज नाहीत. सांड्रा ह्यूलर हिने उभी केलेली मुलगी वसतिगृहात खोली मिळवते, नाचते, प्रेम करते, आईशी भांडते, आणि हळूहळू स्वतःलाच सैतानाची भाषा लावू लागते. मरण दाखवण्याआधी चित्रपट थांबतो. तिचे बोलणे तिचेच म्हणून ऐकणारी ही एकच कलाकृती मला या विषयात भेटली.

गंमत अशी की ज्या मूळ कथेवर हा विधी उभा आहे, ती कथा असे करत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा माणूस आहे. येशू नाव विचारतो. मिळालेले नाव रोमन सैन्याच्या पलटणीचे आहे, आणि परकीय पलटणीखाली भरडलेल्या देशात ते का सुचावे हे समजायला पांडित्य लागत नाही. दोन हजार डुकरे बुडतात. गाववाल्यांना बरा झालेला माणूस दिसतो, आणि ते येशूलाच निघून जा म्हणतात. पण नंतर तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर बसलेला आहे. तो स्वतः बोलतो, बरोबर येऊ दे म्हणतो. येशू त्याला घरी धाडतो आणि झाले ते तूच लोकांना सांग म्हणतो. दहा नगरांत तो सांगत फिरतो. सोळाशे चौदाच्या संहितेने नाव विचारणे उचलले, हुकूम उचलला. ‘तूच सांग’ मात्र मागे राहिले.

प्रॉटेस्टंटांत एक वेगळे उदाहरण आहे. जर्मनीतल्याच मोटलिंगेन गावी १८४२–४३ मध्ये योहान क्रिस्टोफ ब्लुमहार्ट या पाद्रीने गोटलीबिन दिट्टुस या गरीब मुलीसाठी दोन वर्षे प्रार्थना केली. तोही सैतान मानत होता, त्याच्या अहवालात आज न पटणारे पुष्कळ आहे. पण तो एकटा गेला नाही, गावातले साक्षीदार सोबत नेले, आणि पुढे तिला आपल्या घरात घेतले. तिने त्या घरात काम केले, लग्न केले, १८७२ पर्यंत जगली.

रोमने १९९९ साली नवी संहिता आणली. वैद्यकीय जाणकारांचा सल्ला घ्यावा, सैतानाला आज्ञा देण्याआधी देवाकडे विनवणी असावी, वृत्तपत्रे आणि कॅमेरे दूर ठेवावेत, असे तिच्यात आहे. हे बदल क्लिंगेनबर्गनंतरचे आहेत आणि चांगले आहेत. रोम धर्मप्रांताचे प्रसिद्ध भूत काढणारे पाद्री गाब्रिएले आमोर्थ यांना मात्र ही संहिता निष्प्रभ वाटली आणि ते जुनीच हवी म्हणत राहिले. २०१६ साली ते वारले. त्यांची पुस्तके अनेक भाषांत खपली. त्यांत सैतानाची उत्तरे पानोपानी आहेत.