केडगावचे दोन वारसे आणि ग्रंथालयाची नोंदवही

पुणे–सोलापूर महामार्गावरील चौफुल्याहून उत्तरेला न्हावरे-शिरूरकडे जाणारा रस्ता काही किलोमीटरांतच केडगावला पोहोचतो, आणि एवढ्या थोडक्या अंतरात महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील दोन ठिकाणे आहेत, ज्यांचा उल्लेख सहसा एका लेखात होत नाही. केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, तर चौफुला परिसरात संगीत बारीची कला केंद्रे आहेत. संगीत बारी हा तमाशाचा एक प्रकार असून त्यात वग किंवा गणगौळणीपेक्षा लावणीचे गायन आणि अदाकारी यांवर भर असतो. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि आळीपाळीने आपली बारी सादर करतात. एका ठिकाणी लेखिकेचा वारसा आहे, दुसऱ्या ठिकाणी गायिका-वादकांच्या कित्येक पिढ्यांचा. मराठी ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांच्या कामाची आजची अवस्था तपासायची असेल, तर या दोन वारशांच्या वाट्याला काय आले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) लेखन टिकले, परंतु ते अनेक हातांमधून आणि असमान रीतीने टिकले. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवरील प्रवासवृत्त (१८८९) ही मराठी पुस्तके छापील असल्यामुळे ग्रंथसूचींमध्ये आणि जुन्या वाचनालयांच्या कपाटांमध्ये शिल्लक राहिली. त्यांचा पत्रव्यवहार मात्र मुख्यतः इंग्लंडमधील वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन यांनी जपून संकलित केल्यामुळे हाती लागला, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. पुढे मीरा कोसंबी यांनी निवडक लेखनाचा इंग्रजी खंड (२०००) सिद्ध करून आणि अमेरिकेच्या प्रवासवृत्ताचे भाषांतर करून रमाबाईंना जगभरच्या अभ्यासकांपुढे नेले. हे ऋण मोठे आहे. तरीही परिणाम असा झाला, की इंग्रजीतून लिहिणारी आणि वाद घालणारी रमाबाई आज अधिक परिचित आहे, तर केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवणारी, अखेरच्या दिवसांपर्यंत त्याची मुद्रिते तपासणारी रमाबाई मराठी वाङ्मयेतिहासाने जवळजवळ बाजूला ठेवली आहे.

हे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावातच छापून पूर्ण झाले, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. या कामाचे मोल कळण्यासाठी देवनागरीची हाताने होणारी जुळणी कशी असते ते ध्यानात घ्यावे लागते. रोमन लिपीत एका ओळीत अक्षरे सलग बसतात; देवनागरीत मात्र मधल्या थरात मूळ अक्षर, वर वेलांट्या, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार असा तीन थरांचा हिशेब सांभाळावा लागतो, जोडाक्षरांसाठी अर्ध्या अक्षरांचे वेगळे खिळे लागतात, आणि खिळ्यांच्या घरांची संख्या काही शेकड्यांवर जाते. जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या मुली व स्त्रिया असे जुळारी झाल्या, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातील असाधारण घटना आहे. बायबलाच्या तालिका-नोंदीत मात्र भाषांतरकर्ती, प्रकाशनस्थळ आणि वर्ष एवढेच येते. ग्रंथालयीन नोंद पुस्तकाला एक कर्ता मानते आणि ज्यांच्या हातांनी ते पुस्तक उभे केले त्यांच्यासाठी रकाना ठेवत नाही; प्रस्तुत विवेचनाचा मुख्य आक्षेप याच रकान्याविषयी आहे.

संगीताच्या बाबतीत ही उणीव कायद्यातही उतरली आहे. पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवण्याविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य नियुक्त ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि त्यातील ‘पुस्तक’ या संज्ञेत स्वतंत्रपणे छापलेले संगीतलिपीचे पानही येते. ध्वनिमुद्रिका मात्र येत नाही. ज्या परंपरेत संगीत कागदावर लिहून वाजवले जाते तिला ही व्याख्या पुरते. लावणीला ती पुरत नाही, कारण ढोलकीवाला कागद समोर ठेवून वाजवत नाही. तबकड्यांचे जतन त्यामुळे हौशी संग्राहकांवर येऊन पडले. सुरेश चांदवणकर यांनी मुंबईत संग्राहकांची संघटना उभारून ‘यंग इंडिया’ या देशी कंपनीच्या तबकड्यांचे अंकीकरण ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने घडवले, हे अशा कामाचे ठळक उदाहरण होय. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आणि त्याखालील वर्गवारी ग्रंथ, नियतकालिके व वाचक यांच्याभोवती फिरत असल्याने, तालुक्याच्या ग्रंथालयाने ध्वनिफिती जमवल्या तरी त्याचा दर्जा वाढत नाही.

अभ्यासकांनीही बराच काळ लावणी वाचली, ऐकली कमी. म. वा. धोंड यांचे ‘मऱ्हाटी लावणी’ (१९५६) हे पुस्तक आजही मौलिक आहे, पण त्या काळच्या संशोधनाचा कल रचनेकडे आणि शाहिराकडे होता. गाणारी स्त्री त्यात दुय्यम राहिली. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या निबंधात लावणी-कलावतींचे श्रम, जात आणि लैंगिकता यांचा प्रश्न मध्यभागी आणला, आणि भूषण कोरगांवकर यांच्या ‘संगीत बारी’ने (२०१४) त्या कलावतींचे बोलणे मराठी वाचकांपर्यंत नेले. हा बदल निर्णायक मानला पाहिजे, कारण बैठकीच्या लावणीचा आशय छापील संहितेत सामावत नाही. गायिका बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते, प्रत्येक वेळी एखाद्या शब्दावर थांबून डोळ्यांनी, बोटांनी, पदराच्या हालचालीने त्याचा निराळा अर्थ दाखवते, पेटीवाला तिच्या श्वासाचा अंदाज घेत सूर धरून ठेवतो, आणि ओळ समेवर येताच तबला-ढोलकीची लग्गी, म्हणजे द्रुत लयीतील भरणा, उसळून येते. कागदावर चार ओळींची असलेली रचना अशा रीतीने बराच वेळ रंगते. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे त्यांच्या नावाची नोंद सर्वत्र आहे. परंतु लग्गी वाजवणाऱ्या हातांची नावे पुरस्कारांच्या यादीत येत नाहीत आणि म्हणून अभिलेखातही येत नाहीत.

जॅझची तुलना येथे उपयोगी पडते. ठरलेल्या सुरावटीवर वादकाने त्या क्षणी नवे रचत जाणे हा जॅझचा प्राण असल्याने, स्वरलेखन तिथेही अपुरेच ठरते. न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात १९५८ साली फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून जॅझचे अभिलेखागार सुरू झाले, तेव्हा पहिले काम हाती घेतले गेले ते वृद्ध वादकांना बोलते करून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे. गल्लीतल्या मिरवणुकांत आणि नृत्यगृहांत वाजवणारे, पुस्तकात नाव नसलेले वादक त्यामुळे इतिहासात आले. भारतातील जॅझचे चित्र याहून वेगळे राहिले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनियो शाव्हिएर वाझ आणि इतर गोमंतकीय वादक मुंबईत हॉटेलांतून वाजवत, दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात काम करत. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तील (१९५१) बँडचा बाज आजही कानाला ताजा वाटतो, पण त्यामागील वादकांची नावे श्रेयनामावलीत शोधून सापडत नाहीत. ग्रेगरी बूथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस (२०१२) यांनी मुलाखती, छायाचित्रे आणि घरगुती कागदपत्रे गोळा करून ही नावे परत मिळवली. ते काम व्यक्तींनी केले, आणि तोपर्यंत पहिल्या पिढीतील अनेकजण निघून गेले होते.

मराठीत नमुनाच नाही असे मात्र म्हणता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या, बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काही हजारांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखाने त्या लोकांसाठी खुल्या केल्या. शिरूर तालुक्यातील गावेही या संग्रहात आहेत. त्याची खरी थोरवी संख्येपेक्षा नोंदीच्या पद्धतीत आहे: प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव येते, विषयांचे वर्गीकरण येते, त्यामुळे अभ्यासक एका गावाच्या किंवा एका बाईच्या स्मरणातून वाट काढू शकतो. वादक, गायिका, थिएटर, मालकीण, ताल आणि चाल कोणाकडून आली, असे रकाने वाढवून हीच पद्धत चौफुल्याला लागू करता येण्याजोगी आहे, आणि जुळारी स्त्रियांची नावे शोधून त्यांच्यासाठी मुद्रणाच्या नोंदीतही असाच रकाना उघडता येईल.

एक फरक मात्र विसरून चालणार नाही. ओवी गाणाऱ्या स्त्रीचे नाव जाहीर झाले तर तिला मान मिळतो. संगीत बारीतील स्त्रीचे नाव जाहीर झाले तर तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागू शकते. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ने (१९९४) ही किंमत किती असते ते सांगितलेले आहे. म्हणून अशा संग्रहात संमती एकदाच घेऊन भागत नाही. कलावतीने काय आज ऐकू द्यावे, काय अभ्यासकापुरते ठेवावे, काय तिच्या हयातीनंतरच उघडावे आणि कोणते नाव बदलून लिहावे, हे तिने स्वतः ठरवायचे असते, ते प्रत्येक फितीच्या नोंदीत लिहावे लागते, आणि मन बदलल्यास ती नोंद दुरुस्त करण्याचा हक्कही तिच्याकडेच ठेवावा लागतो. हे सारे तिच्या भाषेत, तिच्या घरी बसून समजावणारा ग्रंथपाल लागतो, आणि चुंबकीय फिती झिजत असताना, त्या वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत असताना, असे पद दौंड किंवा शिरूरच्या एखाद्या ग्रंथालयात निर्माण करण्याला फारसा अवधी उरलेला नाही.