ठिणगी पडली, पण सरपण कोणी रचलं?

सध्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहितेय आणि त्यात एक शब्द सारखा आडवा येतोय: 'ठिणगी'. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याबद्दल लिहिताना सगळेच तो वापरतात. कुणा कृष्णवर्णीयावर अत्याचार झाला, देश हादरला, चळवळ पेटली. रिचर्ड गर्गेल यांचं 'अनएक्झाम्पल्ड करेज' (२०१९) हे या मांडणीचं मी वाचलेलं सर्वांत चांगलं पुस्तक. म्हणून भांडायचं तर त्याच्याशीच.

घटना अशी. १२ फेब्रुवारी १९४६. सार्जंट आयझॅक वुडर्ड महायुद्धातून परतलेला, सैन्यातून सुटका होऊन जेमतेम काही तास झालेले, अंगावर अजून गणवेश. घरी जाताना लघवीसाठी बस थांबवायला सांगितली म्हणून ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. दक्षिण कॅरोलायनातल्या बेट्सबर्गला ड्रायव्हरने पोलीस बोलावले. पोलीसप्रमुख लिनवुड शलने दंडुक्याने त्याचे दोन्ही डोळे फोडले. दुसऱ्या दिवशी कोर्टाने दंड केला तो वुडर्डलाच, ५० डॉलर!

नोव्हेंबरमध्ये शलवर खटला चालला. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला अर्ध्या तासात सोडून दिलं. न्यायाधीश होते वेटीज वेअरिंग, चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातले. या खटल्याने ते मुळातून बदलले. हा बदल गर्गेल फार छान दाखवतात. ते स्वतः न्यायाधीश आहेत, तेही चार्ल्स्टनलाच, त्यामुळे कोर्टातले बारकावे त्यांना नेमके दिसतात.

पण पुस्तकाचं उपशीर्षकच बघा ना. त्यात वुडर्डला आंधळं केलं जातं आणि 'जागे' होतात ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आणि वेअरिंग. म्हणजे सोसणारा काळा, शहाणे होणारे गोरे. माझा आक्षेप तपशिलांवर नाही, हे वाक्य कुणाभोवती रचलंय त्यावर आहे.

ट्रुमनना हे सगळं वॉल्टर व्हाइट यांनी सांगितलं १९ सप्टेंबरला. मधले सात महिने काय चाललं होतं? वुडर्डला गावाचं नावही धड माहीत नव्हतं. व्हाइट यांच्या एनएएसीपीने त्याचं शपथपत्र घेतलं, ऑर्सन वेल्सपर्यंत पोचवलं. वेल्सने रेडिओवर आधी भलत्याच गावाचं नाव घेतलं, मग बेट्सबर्ग सापडलं. न्यूयॉर्कमध्ये मदतीसाठी जलसा झाला. थोडक्यात, जागृतीमागे भरपूर कारकुनी आहे. त्याच जुलैत जॉर्जियात मूर्स फोर्डला जमावाने चौघांना गोळ्या घातल्या. त्यासाठी कुणालाही कधीच शिक्षा झाली नाही. अत्याचार पुरेसे असते तर लढा कितीतरी आधी जिंकून झाला असता.

१९४८ मध्ये ट्रुमननी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच्या काही महिने आधी फिलिप रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीसमोर बजावलं होतं की वर्णभेद असलेल्या सैन्यात भरती व्हायला आम्ही नकार देऊ. शिवाय वर्ष निवडणुकीचं, आणि उत्तरेकडच्या शहरांमध्ये काळ्यांची मतं होती. राष्ट्राध्यक्षांचं मन हेलावलं असेलही, पण मी प्रबंधात वजन देईन ते या दबावाला.

वेअरिंग यांचंही तेच. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध त्यांनी १९५१ मध्ये 'ब्रिग्ज' खटल्यात लिहिलेलं मतभेदाचं निकालपत्र धाडसीच. पण खटला उभा केला क्लॅरेंडन परगण्यातल्या पालकांनी, ज्यांची पहिली मागणी होती फक्त एक स्कूलबस. हॅरी ब्रिग्ज पेट्रोलपंपावर कामाला होते. दाव्यात नाव घातलं म्हणून त्यांची नोकरी गेली, बायकोचीही गेली. १९५४ च्या 'ब्राउन' निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी हा एक.

पुस्तक मात्र जरूर वाचा. घाई असेल तर शलच्या खटल्याचा भाग आधी वाचला तरी चालेल.