लेखनाचा वर्ग आणि वाचनाची विद्या

अमेरिकेतील महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय हा मुख्य विषय घेऊन बी. ए. होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज दोन वाटा असतात. एक जुनी, चॉसरपासून अलीकडील ग्रंथकारांपर्यंत सर्वांचे वाचन करून त्यांवर निबंध लिहिण्याची. दुसरी नवी; स्वतः कथा-कविता रचून त्या वर्गबंधूंपुढे परीक्षणार्थ मांडण्याची. या दुसऱ्या वाटेस तिकडे ‘सर्जनशील लेखन’ असे नाव आहे. विद्यापीठाने कवी घडवावयास निघावे याचे आमच्याकडील जुन्या मंडळींस हसू येते, आणि असे वर्ग आपल्याकडे सर्वत्र का नाहीत याची नव्या मंडळींस खंत वाटते. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच गौण प्रश्नाभोवती फिरत आहेत. लेखक घडविता येतो की नाही, हा वाद अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अकाली होय. लेखनाचा वर्ग त्यास वाचावयास शिकवितो किंवा नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. ‘सर्जनशील लेखन’ हा शब्दप्रयोग इमर्सनने १८३७ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानात आढळतो. परंतु तेथे तो एकटा येत नाही. लेखनाप्रमाणेच वाचनही सर्जनशील असू शकते, हे सांगण्याच्या ओघात इमर्सनने तो योजिला होता. पुढे या जोडीतील लेखन विद्यापीठांनी उचलले आणि वाचन मागे राहिले. हार्वर्ड येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॅरेट वेंडेल हे विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटेखानी टाचण लिहवून घेत. त्याच विद्यापीठात जॉर्ज पियर्स बेकर यांनी नाट्यलेखनाचा वर्ग चालविला, व १९१४ साली युजीन ओनील त्या वर्गात जाऊन बसला. आयोवा विद्यापीठाने १९२२ साली उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी ललितकृती स्वीकारण्याचे ठरविले आणि १९३६ साली लेखकांची प्रसिद्ध कार्यशाळा तेथे सुरू झाली. मराठी वाचकांस आयोवाचे नाव परिचित आहे ते बहुधा दिलीप चित्रे यांच्यामुळे. तथापि चित्रे १९७५ ते १९७७ या काळात ज्या उपक्रमात होते, तो १९६७ साली निघालेला, देशोदेशींच्या प्रस्थापित लेखकांसाठी असलेला वेगळा उपक्रम. तो विद्यार्थ्यांचा वर्ग नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवणे बरे.

या इतिहासातील एक बाब सहसा नजरेआड होते. ओनील बेकरांच्या वर्गात आला तो रिकाम्या हाताने नव्हे. त्याने गलबतावर खलाशाचे काम केले होते. १९१२-१३ च्या सुमारास क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात पडून असता त्याने नाटकांमागून नाटके वाचली होती. काही एकांकिकाही लिहून झाल्या होत्या. आयोवाची कार्यशाळाही पदवीधरांसाठी उभारलेली. म्हणजे मूळ योजना होती ती ज्यांची शिदोरी बांधून झाली आहे अशा माणसांसाठी. तीच योजना पुढे पदवीपूर्व वर्गांत उतरली, आणि २००८ च्या आर्थिक मंदीनंतर इंग्रजी हा मुख्य विषय घेणाऱ्यांची संख्या तिकडे घटू लागली तेव्हा, ओस पडणारी बाके भरून काढण्याचा उपाय म्हणूनही अनेक विभागांस ती प्रिय झाली. अठरा वर्षांचा मुलगा, त्याच्या शिरावर शिक्षणासाठी काढलेले कर्ज, मनात लेखक होण्याची उमेद, आणि विभागास विद्यार्थ्यांची निकड, असा हा योग आहे. येथे कोणी कोणास फसवीत नाही. परंतु कोणाचे हित कशात आहे हे स्पष्ट सांगणारा मनुष्यही येथे आढळत नाही.

या वर्गाची रीत साधी आहे. बारा-पंधरा विद्यार्थी मेजाभोवती बसतात. ज्याची कथा असेल त्याने आठवडाभर आधी तिच्या प्रती सर्वांस दिलेल्या असतात. चर्चा चालू असेपर्यंत लेखकाने मौन पाळावयाचे, असा रूढ दंडक आहे. ‘मला असे म्हणावयाचे होते’ हे वाक्य उच्चारण्याची त्यास मुभा नसते. हा दंडक आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. मनात काय होते व कागदावर काय उतरले यांतील अंतर नवशिक्यास एरवी कोणी दाखवू शकत नाही. येथे ते बारा मुखांनी त्याच्या कानी पडते.

प्रतिभा शिकविता येत नाही, हा आक्षेप आम्हांस फारसा सबळ वाटत नाही. मुंबईस कलाशाळा १८५७ साली निघाली. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. चित्रकाराने रेखांकन शिकावे आणि गवयाने तालीम घ्यावी, यात कोणास काही वावगे वाटत नाही. मग लेखकानेच तेवढे आकाशातून पडावे, असा आग्रह का? मात्र या तुलनेत एक मेख आहे. गवयाचा शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो. त्याचा कान आधी तयार होतो आणि गळा मागाहून. लेखनाच्या वर्गात गळ्यापासून आरंभ होतो, आणि शिष्य ऐकतो ते बहुतांशी दुसऱ्या शिष्यांचेच गाणे.

वर्गाचा खरा लाभ कोठे आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी अमेरिकन विद्यार्थी वाचतो तेव्हा ती त्यास एका वांड पोराने सांगितलेली सरळ हकीकत वाटते. आता त्याच विद्यार्थ्यास, अजाण मुलाच्या तोंडून चार पाने लिही, असे सांगून पाहावे. दुसऱ्या पानावर ते मूल शहाण्यासारखे बोलू लागते. लेखकास ठाऊक असलेले सारे त्याच्या मुखातून बाहेर पडते. वर्गातील कोणी तरी हे पकडतो. मग तो विद्यार्थी पुन्हा ट्वेनकडे वळतो आणि प्रथमच त्याच्या लक्षात येते की, पळून आलेल्या गुलामास साहाय्य करताना हक स्वतःस पापी समजतो, त्याचे पुण्य केवळ वाचकास दिसते, आणि ग्रंथकार मध्ये एक शब्दही बोलत नाही. हे मौन किती कष्टाने साधले असेल, हे ज्याने स्वतः ते मोडले आहे त्यासच कळते. आमच्या हरिभाऊंनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी आरंभापासून यमूच्या तोंडून वदविली. तिचे मोल जाणावयासही असा एखादा फसलेला प्रयत्न, वाचकाच्या गाठी असावा. दहा टीकाग्रंथांनी जे साधत नाही ते एका स्वहस्ते बिघडविलेल्या पानाने साधते.

परंतु हा लाभ पदरी पडण्यास ट्वेनकडे परत जाणे अवश्य आहे, आणि नेमके तेथेच हे वर्ग उणे पडतात. आठवड्याचा वेळ सहाध्यायांची कच्ची हस्तलिखिते वाचण्यात जातो. कथा तासाभराच्या चर्चेत मावते, कादंबरी मावत नाही. सबब कथाच लिहावी लागते. बारा जणांच्या संमतीस उतरेल असे लिहिण्याची सवय जडते. जे विचित्र, जे अघळपघळ, ते काटले जाते. जे नेटके आणि निरुपद्रवी, ते टिकते. शेवटी गुणपत्रिका असतेच; आणि गुणांवर डोळा ठेवून रचलेली कविता परीक्षकास आवडली तरी कवीच्या पुढे कितीशी उपयोगी पडणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही आपल्याकडील म्हण या वर्गांच्या दारावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

आमच्या साहित्यशास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. काव्यरचना शिकविण्याची त्यांस लाज नव्हती. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने नवशिक्या कवीस, अर्थाची चिंता न करता केवळ वृत्तात शब्द बसविण्याचे पाठही सांगितले आहेत. मम्मटाने काव्याच्या उत्पत्तीस शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन अंगे मानिली. निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रे व पूर्वसूरींची काव्ये यांच्या अवलोकनाने. अभ्यास करावयाचा तो काव्य जाणणाऱ्यांच्या हाताखाली. येथवर पुष्कळांस ठाऊक असते. परंतु मम्मट आवर्जून बजावतो की, हे तीन निरनिराळे हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होय. अमेरिकन वर्गाने शक्ती गृहीत धरिली, अभ्यास उचलला, आणि निपुणता शेजारच्या वर्गावर सोपवून दिली. एकाच विभागात वाङ्मय शिकविणारा अध्यापक व लेखन शिकविणारा लेखक हे पाठीस पाठ लावून बसले, तर विद्यार्थ्याने हा एकसंध हेतू जुळवावा कोठे?

राजशेखराने तर प्रतिभेचेच दोन भेद केले. कवीस उपकारक ती कारयित्री, आणि रसिकास उपकारक ती भावयित्री. इमर्सनने एका वाक्यात जी जोडी उभी केली, तिची ही जणू आमच्याकडील पूर्वपीठिका होय. बी. ए. च्या वर्गातील शंभरांपैकी कारयित्रीचा प्रसाद किती जणांस असेल, हे कोणत्याही अध्यापकास सांगता येणार नाही. भावयित्री मात्र बहुतेकांत जागविता येते, आणि ती जागविणे हे महाविद्यालयाचे कर्तव्यच आहे.

म्हणून या वर्गांस आमचा विरोध नाही. त्यांच्या एकटेपणास आहे. ज्या सत्रात सुनीताचे वाचन चालू असेल त्याच सत्रात विद्यार्थ्याने एक सुनीत रचावे, आणि ते फसल्यावर पुन्हा शेक्सपिअरकडे जावे. आरंभीच्या दोन वर्षांत अनुकरण, वृत्तबद्ध रचना आणि भाषांतर यांवर भर असावा. दोन भाषांत वावरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तर भाषांतराएवढा दुसरा कसून वाचावयास लावणारा व्यायाम नाही. गुण द्यावयाचेच असतील, तर पहिल्या व शेवटच्या खर्ड्यांच्या दरम्यान काय वाचले व त्यामुळे काय बदलले, यास द्यावेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविका आहेच. हा विषय हळूहळू आपल्या पदवीवर्गांतही येईल अशी चिन्हे दिसतात. तो येताना अर्धाच येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. या वर्गातून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींचे नाव कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झळकणार नाही. त्यांच्या हाती पुढे उत्तम पुस्तक पडले असता, ते कोणत्या श्रमाने घडले आहे हे त्यांस ओळखता आले, तर त्यांचे शुल्क सार्थकी लागले असे आम्ही समजू.