हशासाठी राखलेली जागा

विनोदी गाण्याला पियानोची साथ करणाऱ्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे थांबणे. शब्द श्रोत्यापर्यंत पोचायला, त्यातली खोच कळायला आणि हसू यायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ बोटांनी गप्प राहायचे असते. हौशी वादकाला हे शिकवणारा गुरू बहुधा समोरचा छापील कागदच असतो. म्हणून इंग्रजी विनोदी गाण्यांच्या शीट म्युझिककडे मी फार गंभीरपणे पाहतो. आज हा कागद पूर्वी कधी नव्हता इतका सहज मिळतो. त्याची शिकवण मात्र क्षीण झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिक्टोरियन काळात हे गाणे नाट्यगृहातून निघून थेट घरच्या दिवाणखान्यात यायचे. आल्फ्रेड कॉन्कॅनेनसारख्या चित्रकाराने शिळाछापावर काढलेले रंगीत मुखपृष्ठ, आत सोपी साथ, आणि बऱ्याच गाण्यांत दोन कडव्यांच्या मधे गायकाने नुसते बोलायचे गद्य. हे गद्य मला फार मोलाचे वाटते. पात्र कोण, कुठून आले, कशावर वैतागले आहे, हे त्यातून कळे आणि पुढचे कडवे रंगे. त्याला जोडून आणखी एक युक्ती असे. सुरुवातीचे दोन बार पुनरावृत्तीच्या खुणांमध्ये छापलेले आणि वर सूचना, की गायक तयार होईपर्यंत हेच वाजवत राहा. कथकच्या साथीला सारंगीवाला लेहरा धरून बसतो, तशीच ही बैठक. वादकाचे डोळे कागदावरून उठून गायकाकडे जातात आणि तिथेच साथ सुरू होते. जॉर्ज ग्रॉसस्मिथ हा तर एकटाच पियानोवर बसून गाणे, बोलणे आणि नकला असा सगळा कार्यक्रम करी. त्याच्यासारख्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्या हौशी माणसाला या सूचनांचा केवढा आधार असेल! पुढच्या काळातल्या संग्रहांत ही गद्य जागा आक्रसत गेली आणि उरली ती नुसती चाल.

गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ऑपेरांचे पियानो-स्कोअर अजूनही या कलेची उत्तम पाठशाळा आहेत. ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मधले (१८७९) मेजर जनरलचे गाणे उघडून पाहावे. शब्दांचा नुसता पाऊस, आणि खाली साथ किती विरळ! हलके, तुटक, जवळजवळ चवड्यांवर चालणारे स्वर. मग जनरल यमकासाठी अडतो, तेव्हा वाद्येही अडतात. सलिव्हनला नेमके ठाऊक होते की शब्द धावत असताना संगीताने बाजूला व्हायचे आणि शब्द अडखळले की शांतता पुढे आणायची. ‘आयोलांथी’तल्या (१८८२) दुःस्वप्नाच्या गाण्यात उलट आहे. तिथे साथच अस्वस्थ, कूस बदलणारी, आणि झोप न लागलेल्या लॉर्ड चान्सेलरची तगमग श्रोत्याला आधी पियानोतून कळते. मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात ट्रिनिटी वा एबीआरएसएमच्या पियानोच्या परीक्षा देणाऱ्या मुलांनी क्लेमेंटीच्या सोनाटिनांबरोबर ही दोन गाणी वाजवावीत, असे मला मनापासून वाटते. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर वाजवायचे शिक्षण एकट्याच्या सोनाटिनातून मिळत नाही.

नोएल कावर्डच्या बाबतीत अडचण निराळी. त्याला स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती, एल्सी एप्रिल त्याच्या चाली उतरवून घेई. छापील साथ सुरेख आहे, पण ‘मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन’ (१९३१) गाताना कावर्ड शब्द ज्या कोरड्या धारेने तोडतो, ती त्या कागदात नाही. ती रेकॉर्ड ऐकूनच घ्यावी लागते.

फ्लँडर्स आणि स्वान यांचे तसे नाही. १९५६च्या अखेरच्या रात्री लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या लहानशा न्यू लिंडसे थिएटरात ‘अॅट द ड्रॉप ऑफ अ हॅट’ सुरू झाले तेव्हा रंगमंचावर एक पियानो होता आणि दोन माणसे. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसलेला मायकेल फ्लँडर्स आणि पियानोवर डोनाल्ड स्वान. स्वानची साथ कुशल वादकाची आहे आणि ती हौशी वादकाला दमवते. ‘इल विंड’मध्ये तर मोत्सार्टच्या चौथ्या हॉर्न कॉन्चेर्तोची शेवटची गत शब्दांसकट पेलायची असते. पण ‘द हिप्पोपोटॅमस’ घ्या. ध्रुवपदाचा तो डोलणारा, चिखलात बसकण मारणारा ठेका मध्यम तयारीच्या हातांनाही जमतो, आणि सगळी खोली गाऊ लागते. ‘द गॅस मॅन कमेथ’मध्ये तीच चाल कडव्यामागून कडवे परतून येते. इथे साथ जराही नटवू नये. रोज नवा कारागीर येतो, रोज नवे नुकसान करतो, आणि पियानो मात्र निर्विकार राहतो, म्हणून हसू येते.

आता आजच्या कागदाविषयी. संगणकावर विकत मिळणारी प्रत हव्या त्या पट्टीत क्षणात बदलून मिळते. गायकाला हे वरदान आहे, वादकाला नेहमीच नाही. पट्टी चार-पाच स्वर खाली नेली की डाव्या हाताचे जवळजवळचे स्वर खर्जात गढूळ होतात आणि शब्द त्या गढूळपणात बुडतात. कुणी जाणत्याने तिथे स्वर विरळ करायला हवेत, यंत्र ते करत नाही. दुसरा दोष रेकॉर्डवरून उतरवलेल्या प्रतींचा. गायकाने हशासाठी एक शब्द किंचित उशिरा टाकलेला असतो, तो इथे बांधलेल्या सोळाव्या मात्रांच्या जंगलात छापला जातो. हौशी वादक ते इमानाने मोजत बसतो आणि विनोद मरतो. तिथे ‘गायकाची वाट पाहा’ एवढी सूचना पुरेशी होती. तिसरा प्रकार नुसती चाल आणि कॉर्डची नावे देणारा. त्यात तर साथीदाराला काम काय आहे, हेच सांगितलेले नसते.

आणखी एक जबाबदारी प्रकाशक टाळतात. जुन्या विनोदी गाण्यांत कृष्णवर्णीयांची, वसाहतींतल्या लोकांची हीन टवाळी भरपूर आहे. गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या ‘द मिकाडो’तल्या यादीच्या गाण्यातला वंशद्वेषी शब्द डॉयली कार्ट कंपनीने १९४८ साली ए. पी. हर्बर्ट यांच्याकडून बदलून घेतला, तरी जुन्या छपाईच्या प्रती आजही इंटरनेटवर तशाच फिरतात. त्या दडपू नयेत, पण हौशी गटाच्या हाती त्या टिपेशिवाय पडू नयेत.

टॉम लेहररकडे मी मुद्दाम शेवटी आलो. हार्वर्डचा हा गणिती १९५३ साली पंधरा डॉलर भाड्याच्या स्टुडिओत एकटाच पियानोवर बसून गायला, त्यामुळे कागद आणि रेकॉर्ड यांत अंतर फार कमी. ‘टू मेनी साँग्ज’ या १९८१च्या संग्रहात रोनाल्ड सर्लची चित्रे आहेत, आणि अणुयुद्धात सगळे एकदमच जाणार या गाण्यावर लयीच्या सूचनेच्या जागी थेट सृष्टीच्या अंताची भाषा आहे. सूचना वाचूनच वादकाला भाव कळतो. त्याच्या ‘क्लेमेंटाइन’मध्ये एकाच लोकगीताची कडवी कोल पोर्टर, मोत्सार्ट, जॅझ आणि गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या ढंगांत येतात. विडंबनासाठी चार शैली हातात असाव्या लागतात, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्या गाण्याने मला शिकवलेले नाही.

लेहररने २०२० साली आपले शब्द आणि स्वतः रचलेल्या चाली सर्वांसाठी खुल्या केल्या, २०२२ मध्ये उरलेले हक्कही सोडले, आणि २०२५च्या जुलैत तो गेला. स्वान १९९४ साली वारला, म्हणजे फ्लँडर्स-स्वान यांची गाणी ब्रिटनमध्ये २०६४च्या अखेरीपर्यंत हक्कांत बांधलेली राहतील. लेहररच्या गाण्यांवर मात्र आजच काम करता येईल. हौशी वादकासाठी तीन पट्ट्यांत हाताने नीट बसवलेली साथ, मधले बोलणे, थांबण्याच्या जागा आणि नावे-संदर्भ उलगडणाऱ्या टिपा अशी त्यांची आवृत्ती कुणीतरी काढावी. सुरुवात ‘द एलिमेंट्स’पासून करावी. चाल सलिव्हनच्या त्याच मेजर जनरलची, शब्द मूलद्रव्यांच्या नावांचे. डाव्या हाताला फार श्रम नाहीत, आणि रसायनशास्त्र शिकलेला कुणीही गायला उभा राहू शकतो.