निकालपत्रातील माणूस

समीक्षकाने कथा, कविता, कादंबरी आणि नाटक वाचावे, असा संकेत आपल्याकडे रूढ आहे. न्यायालयाचे निकालपत्र त्याच्या मेजावर सहसा येत नाही. वास्तविक निकालपत्र हेही एक निवेदनच असते. त्यात पात्रे असतात, घटनाक्रम असतो, निवेदक असतो आणि शेवटही असतो. फरक एवढाच, की कादंबरीचा निवेदक चुकला तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. फाशीच्या निकालाचा निवेदक चुकला, तर मिटते ते एका माणसाचे आयुष्य. म्हणूनच या लेखनाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाठ फिरवू नये, असे मला वाटते.

हा विचार मनात आला तो गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ पुन्हा वाचताना. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाची भूमी डहाणू-तलासरीची आहे. लेखिका कायद्याची पदवीधर. परंतु हा ग्रंथ लिहिताना तिने कायद्याची भाषा जाणीवपूर्वक बाजूला ठेवली आहे. एकच उदाहरण पुरेसे आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या पैशापायी वारली नवराबायको त्याचे कायमचे बांधील होत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. दप्तराच्या भाषेत हा साधा कर्जव्यवहार; गोदावरीबाईंच्या भाषेत ती गुलामी आहे. वस्तुस्थिती एकच, परंतु कोणत्या शब्दाने ती सांगितली यावर तिचा न्याय अवलंबून राहतो. 23 मे 1945 रोजी झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठीला नकार दिला, तो या दुसऱ्या शब्दाच्या बळावर.

याच ग्रंथातील तलवाड्याचे प्रकरण आज वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबर 1945 मध्ये गोदावरीबाई सभेला येणार अशी खोटी बातमी वारल्यांमध्ये पसरवण्यात आली. दुसरीकडे, आदिवासी दंगा करण्यासाठी जमत आहेत, असे पोलिसांना कळवण्यात आले. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच आदिवासी प्राणास मुकले. जमाव तोच, एका कथेत तो सभेला आलेला होता, दुसऱ्या कथेत दंगेखोर. शासनाने दुसरी कथा आधी ऐकली आणि तपासण्याची तसदी घेतली नाही. हा ग्रंथ चळवळीच्या बाजूने लिहिलेला आहे, तो निःपक्षपाती इतिहास नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ज्यांची बाजू कोणत्याच दप्तरात नोंदली गेली नाही, त्यांची बाजू नोंदवणे हेच त्याचे प्रयोजन आहे आणि त्या अर्थी तो एक साक्षीपुरावा आहे.

हा पुरावा डोळ्यांसमोर ठेवून सर्वोच्च न्यायालयाची दोन निकालपत्रे वाचण्यासारखी आहेत. दोन्ही एकाच खटल्याची आहेत. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका शेतात झोपडी करून राहणाऱ्या गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांची हत्या झाली. स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष ठरवले!

निवेदन म्हणून पाहिले, तर 2009 च्या निकालपत्राचा सारा भर गुन्ह्याच्या भीषणतेवर आहे. शिक्षेचा विचार करताना कृत्याची विशेषणे वाढत जातात आणि ज्यांना फाशी द्यायची ती माणसे धूसर होत जातात. ते कोण, कोठून आले, कोणत्या परिस्थितीत वाढले, याला जवळजवळ जागाच उरत नाही. पुढे 2012 साली उघड झाले, की त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. एखाद्या कादंबरीकाराला आपल्या पात्राचे वय ठाऊक नसावे, हा दोष आपण क्षम्य मानत नाही. मग फाशीच्या निकालात तो कसा क्षम्य मानावा?

हा दोष केवळ एका निकालापुरता नव्हता. 1980 सालच्या बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने सांगितले होते, की ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणीच फाशी द्यावी आणि ती देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगार माणसाचाही विचार करावा. 1995 सालच्या रावजी खटल्यात मात्र केवळ गुन्ह्याकडे पाहण्याची दृष्टी स्वीकारली गेली. रावजीला 1996 साली फाशी झाली. ती दृष्टी घटनापीठाच्या निर्णयाशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2009 मध्ये, म्हणजे नाशिक खटल्याच्या निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, दुसऱ्या एका खटल्यात सांगितले. नाशिकच्या सहा जणांची फाशी रावजीच्याच वाटेने आलेली होती. 2012 साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा कैद्यांची शिक्षा सौम्य करावी, अशी विनंती केली. त्यांत हा खटलाही होता.

2019 च्या निकालपत्राची भाषा साधी आहे. ते पुन्हा प्रारंभाशी जाते आणि तपासाच्या कागदांत एक विसरलेले पान शोधते. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांची चौकशी झालीच नाही आणि ती हकीकत खटल्यापासून दडवली गेली. हे सहा जण गरीब, भटक्या जमातीचे मजूर असल्याने त्यांना गोवले गेले असावे, ही शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली. प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला. एका पानाच्या अभावी सोळा वर्षे गेली. या दोन निकालांच्या मधल्या काळात फाशी अमलात आली असती, तर ते पान सापडूनही ऐकायला कोणी उरले नसते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरात अशी रात्र येते, त्यांनी काय करावे? त्यांच्या दुःखापुढे समीक्षकाचे विवेचन कोरडे ठरते, हे खरेच. परंतु नाशिकच्या त्या कुटुंबाला न्याय कोठे मिळाला? सहा निरपराधांना फाशी सुनावली गेली तेव्हा खरे गुन्हेगार शोधण्याचे काम संपले, असेच सर्वांनी मानले. चुकीची शिक्षा ही आरोपीवर जेवढा अन्याय करते, तेवढाच पीडितांवरही करते.

हे आपल्या परिसराला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. 16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार केले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा गावोगाव पसरल्या होत्या. जमावाने त्या रात्री आरोप ठेवला, पुरावा पाहिला नाही, बचाव ऐकला नाही आणि मृत्युदंड अमलात आणला. तिघेही निरपराध होते. 1945 साली अफवेने या मुलखातील आदिवासींचे प्राण घेतले. 2020 साली याच मुलखात अफवेवर विश्वास ठेवून प्राण घेतले गेले. त्यानंतर शंभराहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते, काही अल्पवयीनही होते. ज्यांनी मारले त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. परंतु गर्दीत उभा असलेला प्रत्येक माणूस मारेकरी नसतो. कोणाचा हात उठला आणि कोण केवळ तेथे सापडला, हे वेगळे काढणे हेच न्यायालयाचे काम आहे. ते काम घाईने उरकले, तर जमाव आणि न्यायालय यांत अंतर ते कोणते?

मराठी रंगभूमीने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये लटक्या न्यायालयातील बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत फक्त प्रेक्षकांना ऐकू येते. भोवतालची पात्रे निश्चल असतात. आरोपीला बोलू दिले जाते, पण ऐकणारा कोणी नसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटातील वृद्ध शाहिराभोवतीही असेच न ऐकणारे न्यायालय आहे. मात्र या दोन्ही कलाकृती कल्पित आहेत. नाशिकच्या सहा जणांवर मराठीत एक समर्थ ग्रंथ हवा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती वाचकाला तर हा प्रश्न परका वाटू नये. शुभवर्तमाने ही एका चुकीच्या मृत्युदंडाची, दंडिताच्या बाजूने लिहिलेली हकीकत आहेत. पिलाताच्या दप्तरात त्या दिवसाची नोंद झाली असेलच, तर ती दोन ओळींची असेल. शिष्यांनी मात्र जमावाचा घोष, न्यायाधीशाची भीती आणि आरोपीचे मौन या साऱ्यांची नोंद ठेवली. तरीही मृत्युदंड क्वचित प्रसंगी स्वीकार्य मानणारे वचन चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात दीर्घकाळ राहिले. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी ते बदलले आणि कोणत्याही परिस्थितीत मृत्युदंड अग्राह्य आहे, असे स्पष्ट केले. आपल्या प्रार्थनासभांतून आणि अभ्यासमंडळांतून या बदलाची चर्चा व्हायला हवी.

आपल्या तलासरी-डहाणूच्या शाळांतून शिकलेली आदिवासी मुलेमुली आज वकिली करू लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणी तरी वारली बोलीचे कान आणि कायद्याचा डोळा घेऊन आपल्या भागातील खटल्यांची हकीकत लिहावी. तोपर्यंत आपण वाचकांनी एवढे तरी करावे: फाशीची बातमी वाचून समाधान वाटू लागले, की त्या बातमीत आरोपीचे म्हणणे कोठे आहे, ते आधी शोधावे.