'आत्मवृत्ता'तील सोमण मास्तर

धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याचा उपयोग आपल्याकडे मुख्यतः स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे साधन म्हणून होत आला आहे. बालपणाच्या भागांतून व्याख्याते व चरित्रकार एकच प्रसंग उचलतात. १८७५ साली परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेलेला मुलगा आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यास मिळालेला नकार, हा तो प्रसंग होय. त्यातून कष्टाळूपणाचा धडा काढता येतो, म्हणून तो लोकप्रिय झाला असावा. परंतु असा वेगळा काढला की त्याच्या मागे उभा असलेला एक माणूस नजरेआड होतो. विनायक लक्ष्मण सोमण हे मुरूडच्या शाळेतील शिक्षक. 'आत्मवृत्ता'चा पूर्वार्ध त्यांना मध्यभागी ठेवून वाचल्यास उत्तरार्धाचाही अर्थ बदलतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पनवेलच्या परिसरात मुरूड म्हटले की जंजिऱ्याजवळचे मुरूड डोळ्यांपुढे येते. कर्व्यांचे मुरूड ते नव्हे. ते दापोली तालुक्यातील. तेथील या शिक्षकाने मुलास काय दिले? पाठ्यक्रम तर दिलाच. पण त्यापलीकडे त्याला गावाच्या कामास लावले. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे आणि लोकांच्या भागभांडवलाने उभारलेल्या दुकानात राबणे ही ती कामे. दोन्ही बिनपगारी, आणि दोन्ही चारचौघांत करावयाची. कर्वे स्वभावाने विलक्षण संकोची होते. चारचौघांत तोंड उघडणे त्यांना जड जाई. अशा मुलास धीराचे चार शब्द सांगून भागले नसते. सोमणांनी त्याच्या हाती कागद दिला आणि तो मोठ्याने वाचावयास लावला. लाजाळू मुलास स्वतःचे असे काही बोलावयाचे नसते, पण वर्तमानपत्रातील मजकूर दुसऱ्याचा असतो; तो वाचताना लाज आड येत नाही. यात शिक्षकाची फार मोठी जाण दिसते.

आता साताऱ्याचा प्रसंग पुन्हा पाहावा. सहाव्या इयत्तेच्या त्या परीक्षेस सतरा वर्षांची अट होती. मुलाने ती पूर्ण केलेली होती. परंतु समितीच्या अध्यक्षांना त्याचे शरीर तेवढ्या वयाचे वाटले नाही. एकाच मुलाकडे दोन माणसांनी पाहिले. एकाने अंगलट पाहून त्याला माघारी धाडले. दुसऱ्याने त्याच किरकोळ अंगावर गावाची कामे टाकली. पुढच्या वर्षी मुलगा ती परीक्षा उत्तीर्ण झाला. मॅट्रिक होण्यास मात्र १८८१ साल उजाडले, तेव्हा त्याचे वय तेवीस होते. इतक्या रखडलेल्या विद्यार्थ्याने शिक्षण सोडले नाही, याचे श्रेय केवळ चिकाटीला देणे आम्हांस अपुरे वाटते.

गुरुमाहात्म्याची मराठीतील परंपरा जुनी व समृद्ध आहे. तिचा एक दोष असा की तीत गुरू जितका मोठा होतो तितके शिष्याने प्रत्यक्ष काय घेतले हे धूसर होते. कर्व्यांचे गद्य या दोषापासून मुक्त आहे. ते अलंकारहीन आहे, हिशेबवहीसारखे आहे, क्वचित रूक्षही आहे. सोमणांचे रसरशीत व्यक्तिचित्र मिळावे अशी अपेक्षा ठेवणारा वाचक निराश होईल, आणि ललित गद्य म्हणून ही उणीवच मानावी लागेल. पण शिष्याने घेतलेले ऋण पुढील पानांवर कृतीच्या रूपाने दिसत राहते. मुंबईत असताना कर्व्यांनी 'मुरूड फंड' काढला. गावच्या मिळवत्या माणसांनी मिळकतीतून थोडा थोडा अंश गावासाठी द्यावा, ही त्यामागची कल्पना. दुकानाच्या भागभांडवलाचीच ती पुढची पायरी आहे.

१८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी राबण्यास शिक्षकाने शिकवले, त्या गावाने दार लावून घेतले. येथे त्या शिकवणीची खरी कसोटी लागते. तीत केवळ गावाचा अभिमान असता तर ती या आघाताने संपली असती. कर्व्यांनी काम सोडले नाही, त्याची जागा बदलली. १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम निघाला, पुढे तो हिंगण्यास गेला. त्यासाठी दारोदार लहानसहान रकमा मागताना तोच संकोची मुलगा पुन्हा चारचौघांत उभा होता.

या वाचनास एक मर्यादा आहे, आणि ती त्याच घरातील दुसरे पुस्तक दाखवून देते. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई कर्वे, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली निघाले. बालपणी वैधव्य आलेल्या या मुलीच्या वाट्यास गावचा कोणी सोमण मास्तर आला नाही. तिचे शिक्षण विशी उलटल्यावर, १८८९ साली मुंबईत निघालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात झाले. मुलाचा गुरू त्याला गावात पुढे आणतो. मुलीला गुरू भेटण्यासाठी आधी गाव सोडावे लागते. गुरुप्रभावाविषयी लिहिणाऱ्यांनी ही दोन पुस्तके एकत्र वाचलीच पाहिजेत.

घरात पदवीपर्यंत पोचणारी पहिलीच पिढी असलेले विद्यार्थी पनवेल-उरण भागात आजही आहेत. त्यांच्यापुढे 'आत्मवृत्त' ठेवताना साताऱ्याची पायपीट तेवढी सांगणे म्हणजे सारा भार मुलाच्याच पायांवर टाकणे होय. त्याच्यावर विसंबून गावाचे काम सोपवणाऱ्या शिक्षकाचा भागही शिकवला गेला पाहिजे.

१९३६ साली कर्व्यांचे 'लुकिंग बॅक' हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथे त्या काढणे हा त्याचा उद्देश होता. विद्यापीठ स्थापून वीस वर्षे झाल्यावर हा माणूस खेड्यातील प्राथमिक शाळेकडे वळला.