छापलं, पण जगलं का? बायोप्रिंटिंगचे दोन दावे

बायोप्रिंटिंगमध्ये पीएचडी करायची म्हटलं की बरेच जण आधी अवयवाचं नाव घेतात: हृदय, किडनी. माझ्या मते गफलत इथेच होते. दोन कामं शेजारी ठेवून बघूया.

पहिलं २०१९चं. तेल अवीव विद्यापीठात ताल द्विर यांच्या गटाने रुग्णाच्या पोटातल्या चरबीच्या ऊतीतून पेशी आणि जेल मिळवून रक्तवाहिन्यांसह छोटं हृदय छापलं. बातम्यांनी 'हृदय छापलं' एवढंच उचललं. पेपरच्या शीर्षकात मात्र आधी 'पॅच' आहेत, मग 'हृदय'. ते सशाच्या हृदयाएवढं होतं. पेशी आकुंचन पावत होत्या, पण एकत्र येऊन रक्त ढकलू शकत नव्हत्या. आकार साधला, काम नाही.

दुसरं २०२२चं, हैदराबादचं. एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी आणि सीसीएमबी यांनी मानवी कॉर्नियातल्या पेशी काढून उरलेल्या जाळीपासून बायोइंक केली, तिच्यात मानवी डोळ्यातल्याच स्टेम सेल्स घातल्या आणि छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. गाजावाजा कमी, पण प्रश्नाची निवड चोख. का? ऊतीत ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोचतो. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, शिवाय त्यात रक्तवाहिन्याच नसतात. त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. म्हणजे हृदयाची सगळ्यात मोठी अडचण इथे नाहीच.

तरी इथेही सावध राहा. बायोइंकच मानवी कॉर्नियापासून होते, त्यामुळे 'आता नेत्रदान नको' असा अर्थ काढणं चूक. आणि ससा म्हणजे माणूस नव्हे.

यंत्राचंही फार अप्रूप नको. एक्स्ट्रूजन बायोप्रिंटर म्हणजे तीन अक्षांवर फिरणारी सिरिंज. वागळे इस्टेटमध्ये सीएनसीवर काम करणाऱ्याला ती लगेच कळेल. खरी मेख शाईत आहे. घट्ट केली तर नोझलमधल्या ताणाने पेशी मरतात, पातळ केली तर आकार बसतो.

म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारा. छापल्यावर पेशी किती दिवस जगल्या? ऊतीने तिचं काम केलं का? ते कशात तपासलं: डिशमध्ये, प्राण्यात की माणसात? उत्तरं पेपरच्या आकृत्यांत सापडतात, मथळ्यात नाही. तुमची चार-पाच वर्षं या उत्तरांवर लागणार आहेत. अवयवाचं नाव नंतर ठरवा.